तेल महागले आणि गाऱ्हाणे अडले

श्रीनारायणाच्या कृपेने समूहातील सर्व सुहृद कुशल असाल. आज सकाळची घटना निवेदन करतो.

आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचे, म्हणजे लोकांच्या वतीने देवाला साकडे घालण्याचे, काम माझ्याकडे आहे. मासे विकणारी सुमती आज नारळ घेऊन आली. सोबत लेक सुजाता होती. ती गोव्यात एका विमान कंपनीत नोकरीस.

"काकानू, तेल म्हाग झाला म्हणान विमाना बंद करतत. चेडवाची नोकरी ऱ्हवांदे, असा गाऱ्हाणा घाला," सुमती म्हणाली. "आमची होडी तेल सरला तरी वल्ह्यान येता. विमानाक वल्हा खंय लावतले?"

मी हसलो. ती पाय धुण्यास विहिरीकडे गेली, तेव्हा सुजाता हळूच म्हणाली, "काकानू, नोकरी कालच गेली. आवशीक सांगूक धीर नाय."

सुमती परतली आणि हात जोडून उभी राहिली. आयुष्यभर ग्रंथ वाचले. पण जे गेलेच आहे ते देवाकडे कसे मागावे, हे आठवेना. अखेर एवढेच म्हणालो, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक उभ्या ऱ्हवाक बळ दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सुमती म्हणाली. मग थांबली. "काकानू, नोकरेचा नाव घेवक नाय तुमी?"

मी नारळ देवापुढे ठेवला. तिने लेकीकडे पाहिले, आणि तिचा हात धरला.

सुहृदहो, माझ्या जागी आपण काय मागितले असते?

वाचणाऱ्या प्रत्येकाच्या लेकराबाळांना परमेश्वर उभे राहण्याचे बळ देवो.