लुगड्यातली बंदूक

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मतं मोजायच्या आधी आम्ही एकमेकांची डोकी मोजू, असं सरकारला वाटत असावं. माझी बंदूक बापाच्या वेळची. रानडुकरं मक्यात शिरायची म्हणून त्याला परवाना मिळाला, मग तो माझ्या नावावर आला. डुकरांना तिची फार भीती होती असं नाही. माझ्या बायकोला तर मुळीच नव्हती. ती भिंतीवरच्या बंदुकीला लसणाच्या जुड्या टांगायची. ठाण्यातल्या हवालदारानं नळी हुंगली आणि म्हणाला, "आबा, ही चालवता का फोडणीला घालता?"

बायको म्हणायची, "चोर उना ते पह्यले माले उठाडा, मंग बंदूक दखा." खरं होतं तिचं. तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा. मागच्या पावसाळ्यात ती गेली. आता उठवायला कोणी नाही.

मुलगा धुळ्याला नोकरीला आहे. बंदूक जमा करायची हे कळताच त्याचा फोन आला. "आबा, शेजारच्या गावात भरदिवसा कुलूप फोडलं. विहिरीवरच्या केबली तर रोज चोरीला जातात. आता बंदूकही नाही. आखाजीच्या सणाला गाडी घेऊन येतो, कपडे बांधून ठेवा."

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. सून चांगली आहे, भाकरी करून घालते, पण बसायचं कुठं? इथल्या घरात बायको अजून आहे, असलं काही मी म्हणत नाही. मेलेलं माणूस नसतं, मी स्वतः जाळून आलो. पण तिनं सारवलेला ओटा आहे, आणि मला मरेपर्यंत त्याच्यावर बसायचं होतं.

बंदूक मी तिच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळून पारोळ्याला नेली होती. जमा केली आणि सवयीनं बाजारात शिरलो. तिचं मुसळ तडकलं होतं. दर बाजाराला नवं आणायला सांगायची. खाली लोखंडी कडं असलेलं चांगलं मुसळ दिसलं, घेतलं. पैसे दिल्यावर ध्यानात आलं की कुटणार कोण. दुकानदाराला परत घे कसं म्हणू? रिकामं लुगडं खांद्यावर होतंच. त्यात गुंडाळलं आणि एस.टी.त बसलो.

गावातला एकजण शेजारी येऊन बसला. गाठोड्याकडे बघून म्हणाला, "आबा, जमा नही करी का?"

मी म्हटलं, "आपली वस्तू आपल्या घरी बरी."

यात खोटं काय? दिवस मावळेपर्यंत गावभर झालं की आबाला खास परवानगी मिळाली. कोणी म्हणालं, आबानं साहेबालाच दम दिला. मी गाठोडं मांडीवर आडवं घेऊन ओट्यावर बसू लागलो.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली. गावातल्या सुना माहेरी निघाल्या. शेजारची सून आली, "आबा, मी माहेरले जास, हाई किल्ली ठेवा. तुमनाकडे बंदूक शे." तिचं बघून बाकीच्या आल्या. बंदुकीच्या रिकाम्या खिळ्याला किल्ल्यांचा घोस लागला. एकीनं तर बकरी आणून बांधली. गावात बंदुकीचा पहारा असलेली ती एकटीच बकरी.

आखाजीला आमच्याकडे पैसे लावून पत्ते खेळायला कोणी नावं ठेवत नाही. गावातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून डाव माझ्याच ओट्यावर बसला. तेवढ्यात मुलाची गाडी आली. इस्त्रीचा शर्ट, हातात किल्ली. "आबा, कपडे बांधले का?"

"थांब, डाव चालूय."

आणि मागून मोटारसायकल आली. खाकी दिसली आणि ओटा रिकामा. एकानं पत्ते बकरीखाली सरकवले. शेजारच्या सुनेचा नवरा भिंतीवरून उडी मारून उकिरड्यात पडला. हातात एकही पत्ता नसलेला माझा मुलगा सगळ्यांच्या आधी धान्याच्या खोलीत शिरला.

हवालदार तोच, लसूण हुंगणारा. "अहो, पत्ते खेळा खुशाल. मी बंदुकीसाठी आलोय. आचारसंहितेत तुमच्याकडे बंदूक आहे अशी खबर आली."

"माझी तर तुम्हीच ठेवून घेतली."

"मग हे काय?"

"उघडा."

त्यानं दोन बोटांनी लुगड्याचा पदर बाजूला केला, जसा काही आत नाग आहे. मुसळ निघालं. ते त्यानं हातात तोललं. "वजन चांगलंय आबा. आणि याला परवाना लागत नाही."

उकिरड्यातला माणूससुद्धा हसला. मुलगा डोक्यावर दादर ज्वारीचा भुसा घेऊन बाहेर आला. हवालदार गेल्यावर त्यानं विचारलं, "हे कशाला घेतलं?"

"तुझ्या आईनं सांगितलं होतं."

तो लुगड्याची टोकं जुळवत बसला. जुळेनात. मग म्हणाला, "आता सगळ्यांना कळलं. किल्ल्या घेऊन जातील. चला आबा."

मलाही तसंच वाटलं. उठलो आणि पिशवी काढली.

उकिरड्यातला आला, आपली किल्ली घेऊन अंघोळीला गेला. आता परत कशाला येतो, म्हटलं. तर धुतलेले कपडे घालून आला आणि किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. "आबा, मी वावरात जाई राह्यनू."

मुलगा म्हणाला, "अहो, बंदूक नाहीये. मुसळ आहे ते."

"दखं ना मी. पण आबा बठेल शेत ना वट्टावर."

"आबा बसलेत ओट्यावर," मुलगा पुटपुटला आणि खिळ्यावरच्या किल्ल्या मोजू लागला. बाकीच्या किल्ल्या न्यायला कोणी आलं नाही. मग माझी पिशवी त्यानंच आत नेऊन ठेवली. निघताना मुसळ लुगड्यात गुंडाळलं, माझ्यापेक्षा नीट, आणि माझ्या मांडीवर दिलं.

"लोखंडी कडं बाहेर दिसत होतं, आबा," तो म्हणाला. "झाकत जा."