विहिरीत शिकलेलं पोहणं

सुप्याच्या स्टँडवर आम्ही दोघं पाठीला सॅक अडकवून उभे राहिलो, तेव्हा ओळखीच्या चहावाल्यानं विचारलं, "मॅडम, कळसूबाईला निघालात का?" मी म्हटलं, "मलेशियाला." तो हसला. त्याला थट्टा वाटली असावी. पन्नाशी ओलांडलेलं जोडपं, एकाच्या सॅकला बाहेरून बाजरीच्या खारोड्यांची (उन्हात वाळवलेल्या तिखट वड्यांची) पिशवी बांधलेली, दुसरीच्या पायात शाळेत घालायच्याच चपला. त्याचं काही चुकलं नाही.

हा बेत मुलीचा. ती पुण्याला नोकरी करते आणि मैत्रिणींबरोबर असंच भटकून आली होती. "सहल कंपनीबरोबर गेलात तर बसच्या काचेतून बघून याल," ती म्हणाली. "सॅक घ्या, होस्टेलात राहा, बोटीनं फिरा. ट्रॉली बॅगा वाळूत ओढणार आहात का?" मी शिक्षिका, सुट्ट्या मोजून मिळणाऱ्या, भाऊसाहेब सुप्याच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतात, त्यांना सुट्टी मागितल्याशिवाय मिळत नाही आणि ते मागत नाहीत. या दिवाळीत मागितली. भाऊसाहेब म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण पानोपानी 'हे' आणि 'आमचे हे' लिहीत बसले तर कोण बुडालं आणि कोण तरलं हे वाचणाऱ्याला कळायचं नाही, म्हणून सरळ नाव घेते.

माझं कारण मात्र वेगळं होतं. मी तिसगावची. वडिलांच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक धरून वडील पायरीवर उभे. ज्या दिवशी दोर सुटला त्या दिवशी माणूस शिकला. मग कठड्यावरून सूर मारायचा आणि तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. मूठ रिकामी असली तर तळाला गेल्याचं कोणी खरं मानत नसे. माझी मूठ कधी रिकामी आली नाही. लग्न होऊन पारनेरच्या कोरड्या बाजूला आले आणि पोहणं संपलं. टँकरच्या पाण्यात कोण पोहणार? समुद्रात एकदा, कोणी हाक मारून बाहेर बोलावत नाही तोवर पोहायचं, एवढ्यासाठी मी निघाले होते.

भाऊसाहेबांनी तिकिटं काढायच्या आधीच अट घातली होती. "गुडघ्याच्या वर पान्यात जायचं न्हाई." त्यांना पोहता येत नाही. "तू बुडाया लागलीस तर मी काय काठावर उभा राहून टाळ्या वाजवू?" मी हो म्हटलं. अट मोडायची कशी ते तिथं गेल्यावर बघू, असा माझा हिशेब.

क्वालालंपूरला विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. दमट गरमी, घाम येतो पण वाळत नाही. होस्टेलात आठ जणांची एक खोली, वरखाली पलंग. भाऊसाहेबांना वरचा पलंग मिळाला. शिडी चढताना त्यांनी तिचे स्क्रू हलवून पाहिले, एक ढिला निघाला, तो खिशातल्या पक्कडीनं आवळला आणि मगच झोपले. सकाळी खालच्या पलंगावरच्या जर्मन बाईंनी त्यांना आपल्या कपाटाचं बिजागर दाखवलं. उंच मनोरे पाहून माझी मान दुखली. भाऊसाहेब रस्त्यावरची गटारं पाहत होते. एवढा पाऊस पडून पाणी तुंबत कसं नाही, हे त्यांना पाहायचं होतं. नवऱ्याला परदेशी न्या नाहीतर पाथर्डीला, त्याचा स्वभाव सॅकमध्ये आधीच भरलेला असतो.

तिथून बसनं पेनांगला. जॉर्जटाउन हे जुनं बंदराचं गाव, एका गल्लीत चिनी देऊळ, पुढं मशीद, तिच्यापलीकडे तमिळ लोकांचं देऊळ. सकाळी नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत तिखट चटणी आणि तळलेले दाणे) खाल्ला. दुपारी चेंडोल (बर्फ, नारळाचं दूध, ताडाचा गूळ आणि हिरव्या शेवया). गूळ लागला आणि भाऊसाहेबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "आपल्या काकवीसारखा हाय," म्हणाले, आणि अजून एक वाटी मागवली. संध्याकाळी पाऊस आला, त्यांचे बूट भिजले, ते कोणाच्या चुकीनं भिजले यावरून आमचं वाजलं. तिथल्या चहाच्या टपरीवरच्या तमिळ आजींना भाषा कळत नव्हती, पण भांडण बरोबर कळलं.

"मुलं कुठं आहेत?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"घरी," मी म्हटलं.

"मग भांडता कशाला? ऐकायला कोणी नाही." आणि त्यांनी दोघांपुढं एकच मोठा ग्लास ठेवला.

पेनांगहून बस आणि मग बोट करून लंकावी बेटावर आलो. इथला किनारा पाहिला आणि मी चपला तिथंच काढल्या. पाणी इतकं स्वच्छ की पायाची बोटं दिसतात. अटीप्रमाणे मी गुडघ्यापर्यंत उतरले. भाऊसाहेब माझ्या चपला हातात धरून वाळूत उभे. लाट आली की ते ओरडायचे, "बास, बास तिथंच." शेजारी पाच-सहा वर्षांची पोरं गळ्यापर्यंत पाण्यात डुंबत होती. मी शिक्षिका आहे, चारचौघांत आवाज चढवत नाही, पण त्या वेळी चढवला. "मला काय म्हैस समजता का, दावं धरून उभे राहिलात ते?" म्हटलं. आम्ही झाडाखाली येऊन बसलो तर एका माकडानं खारोड्यांची पिशवी पळवली. फांदीवर बसून त्यानं एक चावली, लसूण लागला असावा, तोंड वाकडं केलं आणि बाकीच्या एकेक करून आमच्या अंगावर फेकल्या. एरवी आम्ही हसलो असतो. मला त्या दिवशी हसू आलं नाही, रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी बोट आम्हाला थायलंडच्या हद्दीतल्या लिपे बेटावर घेऊन गेली. धक्का नाही, पँटचे पाय वर खोचून पाण्यातूनच उतरायचं. वाळूतल्या शेडमध्ये पासपोर्टावर शिक्का मारून मिळाला. बेट एवढंसं, एका टोकाहून निघालं तर चहा निवायच्या आत दुसरं टोक. तिथं लांब शेपटीच्या होड्या असतात (मागं लांब दांड्याला पंखा लावलेली लाकडी होडी). त्या आसपासच्या बेटांजवळ पोवळ्यांचे खडक दाखवायला नेतात. सकाळी नाश्त्याला बसलो असताना भाऊसाहेब केळं सोलत म्हणाले, "ते होडीचं सांगितलंय मी. तुला उतरायचं आसंल तर उतर. पन माझ्या नजरेसमोर." मी केळं खायचं विसरले.

होडीत आम्ही दोघं आणि एक चिनी कुटुंब. होडीवाला माझ्या वडिलांसारखा, काळाभोर आणि कमी बोलणारा. दोन बेटांच्या मधल्या अरुंद समुद्रात त्यानं नांगर टाकला आणि होडीच्या मागं एक लांब दोर सोडला, त्याला प्लास्टिकचे डबे बांधलेले. सगळ्यांना लाइफ जॅकेटं दिली. मग दोराकडे बोट दाखवून प्रत्येकाला म्हणाला, "होल्ड. होल्ड." चिनी कुटुंब दोर धरून पाण्यात उतरलं.

आता यात माझं काय चुकलं ते सांगते. दोर पाहिला आणि मला वाटलं, हा शिकाऊ माणसांसाठी. आमच्या विहिरीत तोच नियम होता. पोहता येणाऱ्यानं दोर धरला तर त्याचं हसं व्हायचं. शिवाय जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. मी जॅकेट काढून भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. होडीवाला काहीतरी म्हणाला, पण तोवर मी सूर मारला होता.

ते वर्णन मला जमणार नाही. पाण्यानं मला ओळखलं असं वाटलं. खाली जांभळी, केशरी पोवळी, त्यांतून मासे. मी तळापर्यंत गेले, मूठभर वाळू घेतली, वर आले आणि मूठ उघडून दाखवली. भाऊसाहेबांनी होडीतून मान हलवली. पुन्हा गेले, पुन्हा दाखवली. त्यानंतरची बुडी जरा लांब मारली. मूठ उंच करून वर आले तर समोर होडी नव्हती. वळून पाहिलं, ती दूर होती, आणि आणखी दूर चालली होती. म्हणजे होडी जागेवरच होती, मीच चालले होते.

विहिरीत माणूस जिथं बुडी मारतो तिथंच वर येतो. पाणी चालत असतं हे मला शाळेत शिकवायला ठाऊक होतं, हातापायांना ठाऊक नव्हतं. मूठ सोडली आणि होडीच्या दिशेनं हात मारायला लागले. जोर लावावा तेवढी जागच्या जागी. दंड भरून आले, खारं पाणी नाकात गेलं. मला भीती वाटली. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि आपण दोर का धरला नाही असं वाटलं.

तेवढ्यात होडीवरून काहीतरी केशरी पाण्यात पडलं. आधी वाटलं, माझं जॅकेट फेकलं. मग त्याला हातपाय दिसले. ते भाऊसाहेब होते. स्वतःचं जॅकेट घातलेलं, माझं काखेत दाबलेलं, डोळे घट्ट मिटलेले. त्यांना पोहायची गरजच पडली नाही, ज्या प्रवाहानं मला नेलं त्यानंच त्यांना आणलं. ते तोंड उघडं ठेवून, पाणी थुंकत, उलटेसुलटे होत माझ्यापर्यंत आले. मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा पकडला. त्यांनी माझं मनगट पकडलं, त्याचे वळ दोन दिवस राहिले.

होडीवाल्यानं बाकीच्यांना वर घेतलं, नांगर ओढला आणि आम्हाला गाठलं. वर ओढताना तो भाऊसाहेबांवर चिडला होता. "यू नो स्विम! व्हाय?" भाऊसाहेब खोकत होते. मीही तेच विचारलं. "अहो, पोहता येत नाही तर उडी कशाला मारली?"

त्यांनी चेहरा पुसला. मग म्हणाले, "टाळ्या वाजवायच्या न्हवत्या."

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. होस्टेलं, बोट, बस, विमान, पुण्याला मुलगी. तिला आम्ही माकडाची गोष्ट सांगितली. पाण्याची सांगितली नाही.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत तिसगावला भावाकडे गेलो. यंदा पाऊस बरा झाला होता, विहीर वरच्या पायरीपर्यंत भरली होती. जेवण झाल्यावर भाऊसाहेब भावाला म्हणाले, "बाळासाहेब, घरात भोपळा हाय का वाळलेला?"

"भाजीला हिरवा देतो की, दाजी."

"भाजीला न्हाई. पाठीला."

बाळासाहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी दोर शोधायला उठले. भोपळा मिळाला नाही, पण गोठ्यात तेलाचा रिकामा डबा होता. झाकण मेण लावून बंद केलं आणि तो पाठीला बांधला. कमरेला दोर. बांधावरून जाणारी माणसं थांबून पाहायला लागली. भाऊसाहेब एकेक पायरी उतरले, शेवटच्या पायरीवर थांबले आणि वर पाहिलं. दोराचं टोक मी धरलं होतं.

त्यांनी हातपाय मारले, पाणी उडवलं, बाळासाहेबाला शिव्या दिल्या. हळूहळू पाय वर आले. डबा पाठीवर डुलत होता आणि ते समोरच्या भिंतीला हात लावून परत आले.

"सोड आता दोर, ताई," बाळासाहेब म्हणाला. "तरंगत्यात दाजी. शिकले की."

पूर्वी मीच सोडायला लावला असता. दोर हाताभोवती आणखी एक वेढा देऊन घेतला.

"राहू दे," मी म्हटलं.