माझ्या हातात तीन खडे होते

"उभी राहा," गुरुजी म्हणाले. मी उभी राहिले.

सातवीचा वर्ग. एकोणतीस मुलगे आणि दोन मुली. दुसरी मुलगी त्या दिवशी आली नव्हती.

गुरुजींच्या खुर्चीवर मालक बसले होते. रिह्याचे मोठे जमीनदार, घोटावड्याच्या आमच्या शाळेच्या कमिटीवरचे. गुरुजी बाजूला उभे. मालकांच्या हातात एक मासिक होतं. भातझोडणीच्या वेळी त्यांच्याकडे पुण्याचे एक प्रोफेसर पाहुणे आले होते. ते कविता करायचे. त्यांनी मालकांच्या खळ्यावर कविता लिहिली, ती छापून आली, आणि मालक ती नव्या बैलजोडीसारखी गावोगाव दाखवत होते.

गुरुजींनी कविता दोनदा वाचली. सोळा ओळींची. खळ्यापलीकडे जांभळीखाली बसलेल्या पोरीची. चार ओळी अशा होत्या:

खळ्यापल्याड बसे एकटी
सोळावे लागले साल;
कुणाची वाट पाहून झाले
डोळे ओले, गाल लाल?

पुढे होतं, की तिच्या हातात चार खडे आहेत आणि त्यांवर ती त्याच्या येण्याचे दिवस मोजते.

मालक म्हणाले, "हीच ती. आमच्या धनगराची पोर. जांभळीखाली बसल्याली मी सवता बघितली." मग माझ्याकडे वळले. "कुनाची वाट बघत व्हतीस गं?"

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "बोकडाची!"

वर्ग हसला. गुरुजीही हसले. थोडेच हसले, पण हसले. गणितात मला पैकीच्या पैकी मार्क देणारे तेच.

मी म्हणाले, "ताप होता, मालक."

"तापात गाल लाल व्हत्यात व्हय?"

पुन्हा हशा. मी उभीच. बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द एकतीस पुरुषमाणसांत म्हणता येत नव्हता. मी पाटीकडे बघत राहिले.

ही नवे पैसे यायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. फायनलच्या परीक्षेला एक्कावन्न दिवस उरले होते. फायनल पास झालं की मास्तरीण होता येत असे. आमच्या वस्तीत तोवर कुणाला सही येत नव्हती. मी मास्तरीण होणार, हे आयने वस्तीतल्या प्रत्येकाला निदान दहा वेळा सांगितलं होतं.

आता त्या दिवसाचं सांगते. जसं होतं तसं.

आमची वस्ती रिह्याच्या वरच्या अंगाला, तीन घरांची. शेरडं-मेंढरं राखायची आणि भाताच्या दिवसांत मालकांच्या खळ्यावर झोडणीला जायचं. आदल्या दिवशी मला पहिल्यांदा कावळा शिवला होता. मला वाटलं, मी मरणार. आयने काही समजावलं नाही. फडक्याची घडी दिली आणि ओढ्यातले चार खडे दिले. म्हणाली, "रोज दिस मावळताना एक टाकायचा. हात मोकळा झाला की दुसऱ्या दिशी न्हायाचं, मग घरात."

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरं झोडणीला निघाली. मागे माणूस उरत नव्हतं, म्हणून आयने मला बरोबर घेतलं. भाताच्या राशीजवळ विटाळ चालत नाही. सावली पडली तरी रास बाटली म्हणत. आयने लांब जांभळीखाली बोट दाखवलं. "तितं बस. कुनी हाक मारली तरी उटायचं न्हाई. ताप आलाय म्हन."

मी पावलं मोजत गेले. बेचाळीस झाली.

पोटात दुखत होतं. शाळेत त्या दिवशी वर्गमूळ शिकवणार होते, ते बुडत होतं. मी रडले, हे खरं. गाल लाल होते, तेही खरं असेल. ऊन तोंडावर होतं. एकटी होते, हेही खरं. आदल्या दिवशी मावळतीला एक खडा टाकला होता, म्हणून हातात तीन होते. कवितेत चार लिहिलेत. मी तेरा वर्षांची होते. कवितेत सोळा लिहिलेत. वाट मी बघत होते, ती दिवस मावळायची.

प्रोफेसर खळ्याच्या बांधावर वही घेऊन उभे होते. बराच वेळ. माझ्याकडे बघायचे आणि लिहायचे. त्यांना माझ्यापर्यंत यायला बेचाळीस पावलं लागली असती, आणि "बाळ, तू इथं का बसलीस?" एवढं विचारायला एक वाक्य. ते आले नाहीत. बरं झालं म्हणावं, तर त्याचंही काही खरं नाही. विचारलं असतं तरी मी तापच सांगितला असता.

वर्गातली गोष्ट माझ्याआधी वस्तीवर पोचली. पौडच्या बाजारात ती आठवड्यात पोचली. मी दिसले की पोरं ओळी म्हणत. कविता चालीवर बसवलेली होती, हे तिचं वाईट. शिवी एकदा देऊन संपते. चाल तोंडात बसते. पाण्याला गेले की चाल, शेरडं वळवली की चाल.

बाला खरं ठाऊक होतं. आयने त्याला सांगितलं होतं. त्याने माझ्यावर संशय घेतला नाही, आणि हेच मला जास्त छळतं. मी त्याला म्हणाले, "बा, तू मालकाला खरं सांग की."

बा घोंगडीच्या दशा ओढत बसला. म्हणाला, "काय सांगू? माजी पोर विटाळशी व्हती न् तुमच्या खळ्यावर आनली व्हती? मंग रास बाटली म्हनत्याल. ह्या तीन घरास्नी पुन्हा झोडणीला कोन बलवील?"

"मग मी काय करू?"

"साळा न्हाई आता. लोकं बोलत्यात."

आय चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं नाही. फुंकणीने जाळ करत राहिली, जाळ लागलेला असताना.

खोटं ऐकून घेतलं तर माझी शाळा जात होती. खरं सांगितलं तर तीन घरांचं पोट जात होतं. मी हे गणित पुष्कळ वेळा मांडून बघितलं आहे. आजही बाकी दुसरी येत नाही.

परीक्षा सुरू झाली त्या सकाळी मी शेरडांमागे टेकडीवर होते. तिथून शाळेचं कौल दिसतं. वैशाखात माझं लग्न झालं, घोटावड्याच्या बाजूलाच, आमच्यातल्याच घरात. मुलाकडच्यांनी एकदा विचारलं, "कवितेतली ती हीच का?" आणि देण्याघेण्यात बाला वाकवलं.

पंधरा वर्षं गेली. माझी तारा तेरा वर्षांची झाली, त्याच शाळेत सातवीला. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती अंगणात काही पाठ करत होती. गालावर हात ठेवून, मान वाकडी करून, वाटेकडे बघून.

खळ्यापल्याड बसे एकटी.

माझ्या हातातली भाकरी फाटली.

"कुणी शिकवलं हे?"

"गुरुजींनी. गॅदरिंगला मला म्हणायचीय. ते कवी येणारेत. गुरुजी म्हणले, तुज्या आईची कविता हाय, तूच म्हन." तिला केवढा आनंद झाला होता. "आई, खरंच तू हायेस त्यात?"

मी तिला सगळं सांगितलं. फडक्याची घडी, खडे, पावलं. तिला अजून काही आलं नव्हतं, पण मी ठरवलं होतं की माझ्या आयसारखं गप्प राहायचं नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग मी न्हाई म्हननार."

गॅदरिंगच्या आदल्या दुपारी धाकले मालक प्रोफेसरांना घेऊन आमच्या दारात आले. प्रोफेसर पिकले होते. घोंगडीवर नीट बसले, ताक प्यायले, आभार मानले. वागायला सभ्य माणूस. मला निरखून बघत म्हणाले, "तर ती मुलगी तुम्ही!" त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मला कळलं. त्यांना जांभळीखालचीच हवी होती.

मी म्हणाले, "मी सोळाची नव्हते. तेराची होते. कुणाची वाट बघत नव्हते. विटाळशी होते, म्हणून लांब बसवली होती. खडे चार नव्हते, तीन होते."

पंधरा वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला. काही कोसळलं नाही.

धाकले मालक ओरडले, "आगं ए, पाव्हण्याम्होरं काय बोलतीस! लाज हाय का न्हाई?"

प्रोफेसरांनी त्यांना हाताने थांबवलं. चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाई, कवितेत वय मोजायचं नसतं. ती काही एका मुलीची कविता नाही. त्या वयाची आहे. त्या हुरहुरीची."

"त्या वयाचंच सांगतेय," मी म्हणाले. "त्या वयात मी शाळेत होते. तुमची कविता आल्यावर नव्हते."

"मला कल्पना नव्हती."

"विचारलं नव्हतं तुम्ही."

ते उठले. जाताना नमस्कार केला. मला वाटलं, ऐकलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी मांडवात मागे बसले होते. तारा म्हणायला उठली नाही. मालकांच्या नातीने कविता म्हटली, गालावर हात ठेवून. मग लोकांच्या आग्रहावरून प्रोफेसरांनी ती पुन्हा स्वतः म्हटली. मी ओळी मोजल्या. सोळा. सोळावं साल जागेवर होतं. चार खडे जागेवर होते. 'कुणाची वाट'पाशी त्यांचा आवाज किंचित अडला, असं तारा म्हणते. मला तसं काही ऐकू आलं नाही. टाळ्या पुष्कळ पडल्या. गुरुजी नवे होते. तेही टाळ्या वाजवत होते.

कविता मी बदलू शकत नाही. ती छापलेली आहे. माझ्यामागेही म्हटली जाईल.

शिमग्यानंतर ताराची परीक्षा आली. दुसऱ्या पेपराच्या सकाळी ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, मला आलंय." गणिताचा पेपर होता. सासूबाईंना आवाज गेला. त्या म्हणाल्या, "वळचणीला बसीव तिला. चार दिस शिवू नगंस कशाला." नवरा पायतान घालत होता.

मी ताराला फडकी दिली, कशी घ्यायची ते दाखवलं. तिचा हात धरला आणि दप्तर माझ्या खांद्याला अडकवलं. सासूबाई वाटेत उभ्या राहिल्या.

"कुनी इचारलं तर काय सांगशील गं?"

"विचारू द्या," मी म्हणाले. "मी वर्गाच्या दारात बसणार आहे. विचारील त्याला तोच शब्द सांगीन. मोठ्याने."