घरात बसलेली मतं

गुलाल माझ्या डोळ्यांत गेला होता. शेठने तो स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला फासला, उरलेला डोक्यावर ओतला आणि मिरवणूक थांबवून मला हात जोडले.

"आजी, तुमच्या वाडीचे उपकार. तुम्ही घरात बसलात म्हणून आम्ही सरपंच झालो."

पोरं हसली. बाजा थांबला होता, त्यामुळे ते हसणं सगळ्या वाडीने ऐकलं. मी दारात सूप घेऊन उभी होते. मीही हसले. त्याच्या बापाच्या शेतात मी लावणी केली आहे. मोठा माणूस हसला की आपणही हसायचं, ही सवय तिथली.

तो काय बोलून गेला, ते डोळे धुताना कळलं.

आमची वाडी रोह्याच्या खाली, खाडीकाठी. पुढे खाडी, मध्ये मातीचा बांध, मागे भातशेती. शेठने बांधाला लागून कोळंबीचे तलाव खणले आणि त्यात पाणी घ्यायला बांध फोडला. भरतीचं खारं पाणी आमच्या शेतात शिरलं. भात जळलं. वाडी चिडली. निवडणुकीत एकूण एक मत त्याच्या विरोधात जाणार, हे आम्हाला माहीत होतं. त्यालाही.

तेव्हा तोच वाडीत आला. देवळाच्या पायरीवर बसून आमच्या घरचा चहा प्यायला. म्हणाला, "बांध सरकारचा. माझ्यावर कशाला राग काढता? बहिष्कार टाका. एकही मत पडलं नाय की सरकारचे साहेब बांध घालायला धावत येतील."

आम्हाला पटलं. वाटलं, आपण लढतोय. देवळात नारळ ठेवला. घरटी एकाने त्यावर हात ठेवून शपथ घेतली, बांध नाही तर मत नाही. नारळावर हात ठेवून बोललेलं आमच्याकडे कोणी मोडत नाही. मोडलं तर घराला भोवतं, असं मीही मानते. आमच्या घराचा हात माझा होता.

मतदानाच्या दिवशी वाडीतून कोणी शाळेकडे फिरकलं नाही. निवडणुकीचा एक साहेब येऊन समजूत घालून गेला. आम्ही आपल्या फुशारक्या मारत बसलो. तिकडे शेठच्या गावात गाड्या फिरत होत्या. अंथरुणातल्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून नेत होते. त्याची माणसं सगळी गेली, आमचं एक नाही. त्याला आमची मतं नकोच होती. आम्ही घरात बसलेले हवे होतो, तेवढं आम्ही केलं. मी चौथी शिकले. एवढं तरी कळायला हवं होतं.

बांध अजून फुटलेलाच आहे.

पाच वर्षांनी आता पुन्हा निवडणूक आली. या खेपेला शेठ आला नाही, माणूस पाठवला. पुन्हा बैठक, पुन्हा नारळ. खरं काय ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बापये मान खाली घालून उठत होते आणि हात ठेवत होते. वाडीतली निम्मी पोरं धाटावच्या कारखान्यांत ठेक्यावर कामाला जातात आणि ठेकेदार शेठचा मेहुणा. माझा मुलगाही त्यातलाच.

माझी पाळी आली.

"ठेवा आजी हात."

"नाय ठेवत."

"म्हणजे मत देणार काय?"

"व्हय."

शेठचा माणूस हसला. "एका म्हातारीच्या मताने काय होतंय?"

"काय होत नाय तर नारळ कशाला आणलास?"

कोणी हसलं नाही. मी खांब धरला. शेजारची यमुना पदर ओढत होती, "बस गो खाली. पोराचा इचार कर." मी बसले नाही. बाहेर पडले. मागून एकही पाऊल आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा शिफ्टला गेला आणि लगेच परत आला. गेटवरूनच वळवला होता. ओटीवर बसला.

"आये, हात ठेवला असतास तर झिजला असता काय?"

सून माझ्यापुढे ताट ठेवते आणि पाठ फिरवते. रस्त्याला मोटारसायकलचा आवाज आला की मी दार लोटून घेते. शेठची दोन माणसं विहिरीपाशी उभी असतात. काही करत नाहीत, नुसती बघतात. मी हंडा अर्धाच भरून येते.

काल यमुना मागच्या दाराने आली. "तू खरंच जाणार काय गो?"

"व्हय."

"आणि देवाचं काय? आमच्या घराने तर शपथ घेतलीय."

ती गेल्यावर कळलं, मी एकटी गेले तर शेठचं काही बिघडत नाही. म्हातारीचं एक मत तो सोडून देईल. वाडी घरात बसली की तो पुन्हा निवडून आला.

परवा मतदान आहे. उद्या मी घरोघर जाणार, दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, विहिरीवरच्या त्या दोघांच्या देखत. प्रत्येक बाईला सांगणार, शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी, तू चल. मी देवाला भिते. शेठला त्याहून जास्त भिते. थरथरत जाईन, पण बायांना घेऊन जाईन.