मिस्त्रींची मुकी मोटार

रत्नागिरीत तेव्हा मोटारी मोजक्याच, आणि त्यांतली एक चक्क मुकी होती! ती हाकणाऱ्या मिस्त्रींना त्या मुकेपणाचा कोण अभिमान. "भुंकते ती मोटार नव्हे," म्हणायचे.

खाड्यांवर पूल नव्हते. फळ्यांवरून मोटार तराफ्यावर चढवताना मागची धुराची नळी आपटून चेपायची. म्हणून मिस्त्रींनी ती, आवाज गिळणाऱ्या सायलेन्सरसकट, सुटी करता येईल अशी क्लॅम्पने जोडली होती. खाडी आली की बोल्ट सोडायचे, नळी मांडीवर घेऊन तराफ्यावर बसायचे आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा आवळायचे. माणसांशी अबोल, पण नळीशी अखंड बोलणं: "उगी गो बाये, आली हां जमीन."

माझ्या लग्नाला त्यांचीच मोटार होती. नेमका त्या दिवशी तराफा ओहोटीत रुतला. पलीकडे पोचलो तेव्हा मुहूर्त टळायला आला होता. मिस्त्रींनी पाना काढला, तसे वडील ओरडले, "अहो मिस्त्री, नवरा पळाला म्हणतील तिकडे!"

मिस्त्रींनी पाना परत खिशात घातला. मग ती काजळलेली नळी माझ्या कोऱ्या धोतरावर ठेवून त्यांनी मोटार सुरू केली. काय ती गर्जना! बायको अजून सांगते, मोटार दिसण्याआधीच आवाज मांडवात पोचला. सासऱ्यांच्या जिवात जीव आला, आणि भटजींनी मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्राकडे हळूच पाठ फिरवली.

अक्षता पडल्या. मिस्त्रींना जेवायला बोलावलं, तर मोटारीखालून उत्तर आलं, "तुम्ही बसा. हिला अशी उघड्या तोंडाची चारचौघांत ठेवून माझा घास नाय उतरायचा."