गाडीची पाठ

चिंचपोकळीचा गुणाजी मूर्तिकार. स्वभावाने तुसडा, पण त्याने आखलेले गणपतीचे डोळे बघताना आम्ही शेजारी त्याच्याशी झालेलं भांडण विसरतो. पाठ मात्र तो उरकतो. मखरात मूर्तीची पाठ भिंतीकडे असते, ती कोण बघणार?

लेक अनुजा इंजिनियरिंगला. तिच्या गटाने स्पर्धेसाठी कमी इंधनात पळणारी एका माणसाची गाडी करायला घेतली, तेव्हा "कवच माझे बाबा करतील," असं तीच सांगून बसली. गुणाजीने गाडीचं नाक असं घडवलं की हात फिरवतच राहावा. मागे मात्र सपाट कापून मोकळा झाला.

परळच्या बंद गिरणीच्या आवारात चाचणी झाली. हवेचा प्रवाह दिसावा म्हणून मुलांनी कवचावर लोकरीचे धागे चिकटवले होते. पुढचे गुमान आडवे, मागचे वेड्यासारखे फडफडत होते. इंधन तर भलतंच लागलं. "कवच बाहेरून करून घेऊया रे," एकजण म्हणालाच. अनुजाची मान खाली गेली. बाजूला उभ्या गुणाजीने ते बघितलं.

"माजा काय चुकला गो?" घरी त्याने विचारलं.

"बाबा, हवा पुढून अंगाला चिकटून येते. मागे तू एकदम कापलंस ना, तिथे सुटते. मग मागे नुसते भोवरे, दाब कमी. गाडीला मागून कोणीतरी ओढून धरल्यासारखं होतं."

"पण पाठ कोण बघता?"

"हवा बघते ना!"

मग गुणाजी कामाला लागला. मागे फोम चिकटवून लांब, निमुळती शेपटी घासत बसला. घाईने उतार दिला तर हवा पुन्हा सुटेल, असं अनुजाने बजावलं होतं.

पुढच्या चाचणीला तो स्कूटरवर मागे बसून गाडीच्या बाजूने गेला. पोटात चहासुद्धा नव्हता. नाकावरचे धागे आडवे, टपावरचे आडवे. शेपटीकडे बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं. अगदी टोकाचे सोडले तर सगळे शहाण्या पोरांसारखे पडून होते.

"निजले गो, निजले!" तो ओरडला. इंधनही वाचलं. कवच बाहेर देण्याची भाषा कोणी पुन्हा काढली नाही. अनुजा हसली तेव्हा कुठे गुणाजीचा जीव भांड्यात पडला, आणि त्याने तिथेच वडापाव मागवला.

यंदा आमचा गणपती आणायला गेलो, तर गुणाजी मूर्ती उलटी फिरवून पाठ घोटत होता.

"ही कोण बघणार रे?" मी मुद्दाम छेडलं.

"गप रव. अनुजा बघतली."