रिकाम्या कुव्यावरच्या माना

भूत, भानामती, बाहेरचं — हे म्या कधी मानलं नाई. आजही मानत नाई. चवथीच शिकलेला मानूस हाय मी, पन माह्या दारात भगत-मांत्रिक कधी उभा होऊ देल्ला नाई. तरी हे लिहून राहिलो. पाह्यलं ते पाह्यलं...

आमचा धंदा मौत के कुव्याचा. लाकडी फळ्याइचा मोठा गोल, आतून भिंतीवर फटफटी फिरते, वरून पब्लिक पाह्यते. मी हिवरखेडचा, कुव्याचा मालक. माहा लहान भाऊ दिगू अन् त्याची बायको लता, दोघंही फटफटी चालवत. लता तर दोन्ही हात सोडून.

एका जत्रेत लताचं चाक सरकलं. दिगू खाली मधात उभा होता, त्याच्या समोरच पडली. जागीच गेली... अन् वर पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. त्याइले वाटलं, हाही खेळच हाय.

तवापासून दिगूची वाचा गेली. आंगनात खुर्ची टाकून बसे अन् त्याची मान हळूहळू गोल फिरे. नजर वर. भिंतीवर कोनी फिरून राह्यलं अन् हा पाहून राह्यला, अशी. जेवतानाही तसंच. गल्लीतले पोट्टे नक्कल करत. अकोल्याच्या डॉक्टरनं मनाचा आजार सांगतला, गोळ्या देल्ल्या. त्याइनं झोप आली, मान काई थांबली नाई. मले दुसरं काई नको होतं... मान थांबावी, त्यानं एकडाव माह्याकडे पाहावं.

पुढं कापसावरच्या गावाइची हालत बिघडली, जत्रा बंद पडल्या. कुवा गोठ्यात पडून राह्यला. मंग पुन्याच्या एक मॅडम आल्या. अमरावतीत कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात त्याइले कुवा उभा कराचा होता. मधात रिकामी खुर्ची, बस.

"हे इन्स्टॉलेशन आहे, काका," मॅडम म्हने. "दुसऱ्याचं मरण, दुसऱ्याचं वेड माणूस वरून कसं बघत बसतो, त्याबद्दल."

"इन्स्टॉलेशन तं म्या जनमभर केलं, मॅडम. आमी त्याले नट-बोल्ट कसनं म्हनतो."

घरी दिगूजवळ बसाले कोनी नव्हतं, म्हून त्याले संग नेलं. कुवा उभा झाला होता. भर दुपार. मी बाहेरून जिना तपासून राह्यलो होतो, तेवढ्यात दिगू खालच्या दारातून आत गेला अन् त्या खुर्चीवर जाऊन बसला. वर लोकं जमले होते. त्याइचं बोलनं मले खाली ऐकू आलं.

"खरा हाय का मेनाचा बे?"

"ॲक्टर असन. भाड्यानं आनला असन."

मी दाराकडे धावलो तं मॅडम आडव्या आल्या. "काका, प्लीज. बसू द्या त्यांना. लोकांना काहीतरी जाणवतंय."

"पागल दाखवाले बोलावलं काय लोकाइले? माहा भाऊ हाय तो!"

मी वरच्या लोकाइले हाकलाले जिना चढलो. वर पोचलो अन्... उभाच राह्यलो.

सगळ्याइच्या माना फिरून राह्यल्या होत्या. गोल, एका चालीनं. खाली दिगूकडे कोनीच पाहत नव्हतं, समद्याइची नजर भिंतीवर. मॅडम माह्या मागून वर आल्या, त्याइचीही मान फिराले लागली. म्या खाली पाह्यलं. दिगूची मान थांबली होती. हनुवटी छातीले टेकवून तो गप बसला होता. पायाखालची फळी थरथरे, फटफटी चालू असली की थरथरते तशी. आवाज कायचाच नाई.

मंग माना धीम्या झाल्या. नजरा फिरत फिरत खाली आल्या, चालवनारा गाडी उतरवते तशा, अन् दिगूच्या खुर्चीपाशी थांबल्या. फळीची थरथर गेली. टाळी कोनी वाजवली नाई.

दिगूनं मान वर केली. सीधा माह्याकडे पाह्यलं.

"भाऊ," म्हने, "लता उतरली."

नंतर म्या तिथल्या मानसाइले एकेकाले विचारलं. समदे म्हने, आमी तं खालीच पाहत होतो, त्या खुर्चीवरच्या मानसाकडे. मॅडमही तेच म्हने.

दिगूची मान तवापासून फिरली नाई. बोलते कमीच, पन ताटात पाहून जेवते. डॉक्टर म्हने गोळ्या लागू पडल्या. पडल्या असतीन. पन फळी काहून थरथरली? बोल्ट म्या माह्या हातानं कसले होते.

कुवा वापस गोठ्यात हाय. उभा करत नाई. कोनाले कारन मालूम असन तं सांगावं. ऐकून घेईन... मानीनच, असं नाई.